अण्णांच्या नव्या फोनचा चार्जर

आखेन, जर्मनी
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप अण्णांस,

कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

शुक्रवारी रात्री तुम्ही नव्या चार्जरवर फोन इतका हळू का भरतो असे विचारलेत, पण आवाज सारखा तुटत असल्यामुळे माझे सांगणे अर्धवटच राहिले. छाटणीच्या दिवसांत तुम्हाला फोनवर पुन्हा तासभर अडकवून ठेवणे बरे नव्हे, म्हणून आज सुट्टीच्या दिवशी सगळे सविस्तर लिहायला बसले आहे. दादाला हे पत्र मोठ्या अक्षरांत छापून तुमच्या हाती द्यायला सांगितले आहे.

सर्वप्रथम, नवा फोन सदोष आहे ही शंका मनातून काढून टाका. दसऱ्याच्या मुहूर्तावर तुम्ही घेतलेला सॅमसंग गॅलेक्सी ए३५ चांगला फोन आहे. दुकानदाराने खोक्यातला चार्जर काढून घेतला असावा, हे आईचे म्हणणेही खरे नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये ॲपलने आयफोन १२ च्या खोक्यातून चार्जर काढला, जानेवारी २०२१ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस२१ बरोबर तेच केले, आणि पुढे तुमच्या ए मालिकेतूनही तो गेला. खोक्यात आता फक्त केबल येते. चार्जर निवडण्याचे काम त्यामुळे गिऱ्हाइकाच्या अंगावर पडले, आणि ते कसे करायचे हे त्याला कोणीही नीट सांगत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तुमचा प्रश्न अगदी रास्त होता: फोन २५ वॅटचा, आणलेला चार्जर ६५ वॅटचा, तरी बॅटरी भरायला पावणेतीन तास का लागतात? त्याचे उत्तर आपल्या मळ्यातच आहे. रस्त्याकडेचा डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, १०० केव्हीए ताकदीचा आहे म्हणून आपल्या विहिरीवरची पाच एचपीची मोटर कधी जळली नाही. तिला लागतात तेवढे सात-साडेसात अँपिअर ती ओढते, बाकीची ताकद डीपीतच राहते. चार्जरवरचा वॅटचा आकडा म्हणजे त्या डीपीची ताकद. तो जास्त असला तर चांगल्या चार्जरने फोनला इजा होत नाही, आणि तो जास्त आहे एवढ्यावरून फोन लवकर भरेल असेही नाही.

फरक एवढाच, की मोटरीला मिळणारे व्होल्टेज ठरलेले असते, फोनला मिळणारे ठरलेले नसते. कोणताही चार्जर सुरुवातीला ५ व्होल्टच देतो. मग केबलच्या आतल्या एका बारीक तारेवरून चार्जर आपण काय काय देऊ शकतो ते फोनला कळवतो, फोन त्यातले हवे ते मागतो, आणि त्यानंतरच व्होल्टेज वाढते. ही बोलणी जमली नाहीत तर दोघेही ५ व्होल्टवरच थांबतात. तुम्ही आणलेला चार्जर दुसऱ्याच एका कंपनीच्या फोनसाठी बनवलेला आहे आणि त्याची बोलण्याची रीत त्या कंपनीची स्वतःची आहे. तुम्ही मला त्याच्या पाठीवरचा मजकूर वाचून दाखवलात त्यात ‘५ व्होल्ट २ अँपिअर’ आणि ‘१० व्होल्ट ६.५ अँपिअर’ असे दोनच आकडे होते. दुसरा आकडा फक्त त्यांच्या फोनसाठी आणि त्यांच्याच केबलवर. तुमच्या वाट्याला पहिला आला, म्हणजे १० वॅट. तुमची बॅटरी ५००० मिलिअँपिअर-तासांची आहे. १० वॅटने ती भरायला पावणेतीन तास लागणे हिशेबाला धरूनच आहे. खोक्यावरचा ६५ चा आकडा खरा आहे, पण तो तुमच्या फोनसाठी नाही.

अशा स्वतंत्र पद्धती पुष्कळ आहेत. ओप्पोने २०१४ साली फाइंड ७ बरोबर ‘वूक’ आणले. त्यात व्होल्टेज कमी ठेवून अँपिअर वाढवतात, म्हणून त्यांची केबलही वेगळी आणि जाड असते. दादाचा वनप्लस त्याच घराण्यातला आहे. त्याचा लाल केबलचा चार्जर त्याच्यापाशीच राहू द्या. तुमच्या फोनला तो लावून पाहिलात तरी बहुधा अनुभव हाच येईल.

तुमच्या फोनला हवी ती रीत सर्वांसाठी खुली आहे. तिचे नाव ‘यूएसबी पॉवर डिलिव्हरी’, थोडक्यात पीडी. तीत ५, ९, १५ आणि २० व्होल्ट अशा ठरावीक पायऱ्या असतात. परंतु सॅमसंगची ‘सुपर फास्ट’ गती मिळायला नुसती पीडी पुरत नाही, तिच्यात २०१७ साली आलेली ‘पीपीएस’ ही सोय चार्जरमध्ये असावी लागते. तुम्ही मोटर बांधणाऱ्यांच्या शेजारी बसून कॉइलचा एकेक वेढा मोजलेला आहे, म्हणून तिचे कारणही सांगते. फोनच्या बॅटरीला भरताना चार-साडेचार व्होल्टच्या आतच दाब लागतो. बाहेरून ठरावीक ९ व्होल्ट आले तर ते उतरवण्याचे काम फोनच्या पोटात होते, आणि तिथे उष्णता निर्माण होते. पीपीएसमध्ये फोन दर काही सेकंदांनी चार्जरला नवी मागणी कळवतो आणि चार्जर एका व्होल्टच्या पन्नासाव्या भागाइतक्या बारीक टप्प्याने दाब वरखाली करतो. उतरवण्याचे बरेचसे काम चार्जरमध्येच उरकते, फोन कमी तापतो, आणि म्हणूनच तो जास्त वेगाने भरून घेण्याची जोखीम पत्करू शकतो. पीपीएस नसलेला पीडी चार्जर लावलात तर पडद्यावर ‘फास्ट चार्जिंग’ दिसेल, ‘सुपर फास्ट चार्जिंग’ दिसणार नाही. हा एक शब्द दिसला की नाही, यावरच चार्जरची परीक्षा करावी.

हे लिहिताना माझा २५ वॅटचा चार्जर टेबलावर समोर ठेवला आहे. पाठीवरचा मजकूर राखाडी आणि इतका बारीक आहे की खिडकीपाशी नेऊन तिरका धरल्याशिवाय वाचता येत नाही. पहिल्या ओळीत इनपुट १०० ते २४० व्होल्ट. त्याखाली आउटपुट: ९ व्होल्ट २.७७ अँपिअर, किंवा ५ व्होल्ट ३ अँपिअर. त्याच्याही खाली पी-पी-एस ही तीन इंग्रजी अक्षरे आणि पुढे दोन पल्ले: ३.३ ते ५.९ व्होल्टला ३ अँपिअर, आणि ३.३ ते ११ व्होल्टला २.२५ अँपिअर. तुम्हाला शोधायची आहे ती ही शेवटची ओळ. ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असा व्होल्टचा पल्ला नसेल आणि नुसते सुटे आकडे असतील, तर खोक्यावर कितीही मोठ्या अक्षरांत ‘फास्ट’ लिहिलेले असले तरी तो घेऊ नका. वाचायला आईचे भिंग बरोबर न्या.

इथल्या दुकानांतही हा घोळ होताच. युरोपीय संघाच्या कायद्याने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनांना टाइप-सी, म्हणजे लहान लंबगोल, तोंड सक्तीचे झाले आणि फोनला किमान व कमाल किती वॅट लागतात, तो पीडी जाणतो की नाही, हे खोक्यावर चित्राने दाखवावे लागते. ती मोठी सोय झाली. तरी त्या चित्रात पीपीएसचा उल्लेख नसतो, तो पाठीवरच वाचावा लागतो.

केबलविषयी मी स्वतः पोळले आहे म्हणून आवर्जून लिहिते. इथल्या पहिल्या हिवाळ्यात माझा फोन दोन आठवडे रडतखडत चार्ज होत होता. बॅटरी गेली असे समजून मी दुरुस्तीच्या दुकानात जाऊन नव्या बॅटरीचा भावही विचारून आले. चार्जरला दोन तोंडे होती, एक रुंद चौकोनी आणि एक लहान लंबगोल. मी जुनी केबल हाताशी होती म्हणून रुंद तोंडात लावत होते, आणि पीडीची बोलणी त्या रुंद तोंडातून होऊच शकत नाहीत. खोक्यातली दोन्ही टोकांना लहान तोंड असलेली केबल लावली तेव्हा त्याच क्षणी पडद्यावरचा शब्द बदलला. तुमच्या फोनबरोबर तीच केबल आली आहे आणि २५ वॅटला ती पुरेशी आहे. दुकानदाराने चार्जरबरोबर दिलेली वेगळी केबल तुमच्या फोनसाठी वापरू नका. ४५ वॅटच्या फोनांना ५ अँपिअरची केबल लागते, पण तुमचा फोन २५ च्या वर जातच नाही. म्हणून ४५ चा चार्जर घेतलात तर बिघडणार काही नाही, मिळणारही काही नाही. आणि ते पैसे का घालवावेत?

आता तुम्ही म्हणालात तसा इथून चार्जर पाठवण्याविषयी. मी तो पाठवणार नाही, आणि त्याचे कारण पैसा नव्हे. वीज दोन्हीकडे २३० व्होल्टचीच आहे. पण इथल्या चार्जरच्या दोन पिना ४ मिलिमीटर जाडीच्या असतात आणि आपल्याकडच्या ५ मिलिमीटरच्या. आपल्या बोर्डात त्या बसतात, परंतु सैल बसतात, आणि सैल पिन म्हणजे ठिणगी. माजघरातल्या बोर्डाचे एक भोक आधीच काळे पडले आहे, ते मी गेल्या खेपेला पाहून गेले. तिकडच्या चार्जरवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्हही असते, ‘आयएस १३२५२’ असा मानकाचा क्रमांक आणि ‘आर’ या अक्षरापुढे आठ आकडी नोंदणी क्रमांक. ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये दादाने तो क्रमांक टाकला की नोंदणी कोणत्या उत्पादकाची आहे ते दिसते. एवढे मात्र दुकानातच, पैसे देण्यापूर्वी करावे. नकली चार्जरमध्ये २३० व्होल्टची बाजू आणि फोनची बाजू यांच्यातले अंतर आणि इन्सुलेशन वाचवलेले असते. तसा चार्जर फोन बिघडवतो एवढ्यावर भागत नाही, ओल्या हाताने फोन धरणाऱ्या माणसाला तो झटका देऊ शकतो. तुम्ही फवारणीवरून तसेच घरी येता, म्हणून याची मला फार काळजी वाटते.

दुकानात जाताना फोन तीस-चाळीस टक्क्यांवर असू द्या. बॅटरी भरत आली की फोन आपणहून वेग कमी करतो, आणि नव्वद टक्क्यांवर परीक्षा घेतलीत तर चांगला चार्जरही वाईट ठरेल. आपली केबल लावून पाहा आणि पडद्यावरचा शब्द वाचा. ‘सुपर फास्ट’ आले, तर शून्यापासून पूर्ण भरायला साधारण सव्वा ते दीड तास लागेल, आणि दुपारी जेवायला घरी येता तेवढ्या तासाभरात संध्याकाळपर्यंतची चिंता मिटेल.

तुमचा आणि आईचा असा दोघांचा मिळून दोन तोंडांचा एकच चार्जर घेऊ नका. त्यावर लिहिलेले वॅट दोन्ही तोंडांचे मिळून असतात; दुसरा फोन लावला की ते वाटले जातात आणि तुमची गती पुन्हा खाली येते. आणलेला ६५ वॅटचा चार्जर दुकानदार बदलून देत असेल तर उत्तमच, नाही तर आईच्या जुन्या फोनला तो वापरता येईल. तिच्या फोनला ५ व्होल्टच लागतात, तिची केबल रुंद तोंडात बसते, आणि तिचा आताचा चार्जर तापतो अशी तिची तक्रार आहेच.

चार्जरला स्टॅबिलायझरची गरज नाही. संध्याकाळी व्होल्टेज १६० वर आले तरी तो चालतो, कारण त्याचा पल्ला १०० पासून आहे. भीती वरच्या बाजूची आहे. न्यूट्रलची तार तुटून वस्तीवरचे टीव्ही जळाले तेव्हा घरात ४०० च्या आसपास व्होल्ट आले असणार, आणि चार्जर २४० पर्यंतचाच असतो. विजा कडाडत असताना आणि लाइट ये-जा करत असताना तो बोर्डातून काढून ठेवावा.

रात्री फोन उशीखाली किंवा गोधडीवर चार्जिंगला लावू नका. बॅटरीचे आयुष्य वेगापेक्षा उष्णतेने कमी होते. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये तर नकोच. फोनच्या सेटिंगमध्ये ‘बॅटरी प्रोटेक्शन’ आहे, ते ‘मॅक्सिमम’वर ठेवले की बॅटरी पूर्ण भरण्याआधीच चार्जिंग थांबते. छाटणी चालू आहे तोवर ते बंदच ठेवा, दिवसभर पूर्ण बॅटरी लागेल. बागेचे काम हलके झाले की दादाला चालू करायला सांगा.

तासगावला बाजारच्या दिवशी जाणार असाल तर दुकानातूनच मला फोन करा. सध्या आपल्यात साडेतीन तासांचा फरक आहे. तिकडे संध्याकाळचे सहा म्हणजे इथे दुपारचे अडीच, आणि त्या वेळी मी फोन उचलू शकते. चार्जरच्या पाठीचा स्पष्ट फोटो दादाच्या फोनवरून पाठवलात तर मी तिथल्या तिथे वाचून सांगेन.

आईला साष्टांग नमस्कार, दादा-वहिनींना नमस्कार, छोट्याला अनेक आशीर्वाद.

तुमची,
धाकटी