रविवारच्या श्रवणसत्राबाबत सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, येत्या रविवारी सायंकाळी ठीक ६ वाजता होणाऱ्या श्रवणसत्रात 'धिस इज युअर एफबीआय' या अमेरिकी नभोनाट्यमालिकेतील, फरारी आरोपीच्या मागावर निघालेल्या संघीय तपास अधिकाऱ्यांची कथा सांगणारा अर्ध्या तासाचा भाग ऐकविण्यात येईल. १९४५ ते १९५३ या काळात एबीसी रेडिओवरून प्रसारित झालेल्या या मालिकेसाठी निर्माते जेरी डिव्हाइन यांना एफबीआय या अमेरिकेच्या संघीय तपासयंत्रणेच्या दप्तरातील प्रकरणांचा आधार मिळे आणि संचालक जे. एडगर हूव्हर यांचा तिला जाहीर पाठिंबा होता. त्यामुळे तपासयंत्रणेची बाजू तीत नेहमीच उजळ दिसते, हे ऐकताना ध्यानात ठेवावे. तरीही पाठलागाचा सारा ताण केवळ पावलांचे आवाज, मोटारीचे ब्रेक आणि फोनवरचे तुटक संवाद यांतून उभा करण्याचे त्या काळच्या कलावंतांचे कसब खरोखर थक्क करणारे आहे.

जुन्या ध्वनिमुद्रणातील खरखरीमुळे संवाद लक्षपूर्वक ऐकावे लागतात, म्हणून सभासदांनी दहा मिनिटे आधी स्थानापन्न व्हावे आणि मोबाइल बंद ठेवावेत. ज्यांना इंग्रजी उच्चार जड जातात त्यांच्यासाठी कथेचा मराठी गोषवारा प्रवेशद्वाराशी ठेवलेला असेल.

— कार्यवाह