पाणी खाणारी बस

डेन्व्हर, रविवार

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर मी राहायला घ्यायच्या विचारात असलेल्या बसचा, म्हणजे आत घर केलेल्या शाळेच्या जुन्या बसचा विषय निघाला आणि अर्धाच राहिला. "इंजिन बिघडलेली गाडी घेऊ नये," एवढं बोलून बाबांनी फोन आईकडे दिला, आणि आई, तू "बसमध्ये कुणी संसार करतं का" म्हणालीस. निर्णय अजून झालेला नाही. तो करण्याआधी मी जे पाहिलं, ज्याची चौकशी केली, ते सगळं तुमच्यासमोर ठेवायचं आहे. माझी ड्यूटी आणि तुमची झोपायची वेळ यांच्या मधल्या फोनवर ते धड होत नाही. दादाला सांगून या पत्राची प्रिंट काढून घ्या आणि सावकाश वाचा.

आई, आधी तुझं. माझं काम तुला माहीत आहे. एका हॉस्पिटलचा करार साधारण १३ आठवड्यांचा, मग दुसरं गाव. दर वेळी नवी खोली शोधायची, अनामत भरायची, कुणाच्या तरी गादीवर झोपायचं आणि फोडणी दिली की खिडक्या उघडून वास जायची वाट बघायची. राहण्यासाठी मिळणारा भत्ता सगळा भाड्यात जातो. रात्रपाळी संपवून आल्यावर आपल्याच पलंगावर पडावं, आपल्याच कुकरमध्ये वरण-भात लावावा, एवढं मला हवं आहे. माझ्यासारख्या फिरत्या नर्सेसपैकी कितीतरी जणी घरगाडीत राहतात. कंपनीची नवी घरगाडी मला परवडणारी नाही, आणि ज्या जुन्या पाहिल्या त्यांचा पत्रा इतका पातळ की माझा विश्वासच बसला नाही.

शाळेच्या बसचं तसं नाही. इथे शाळेची बस पिवळीच असते. १९३९ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात फ्रँक सायर नावाच्या प्राध्यापकांनी परिषद भरवून या बसची मापं आणि नियम सगळ्या देशासाठी एकसारखे ठरवले, तेव्हापासूनचा हा रंग. तुझ्या काळजीच्या दृष्टीने महत्त्वाचा नियम १९७७ चा आहे. रिकाम्या बसच्या वजनाच्या दीडपट भार छपरावर दिला तरी ते पाच-सव्वापाच इंचांहून जास्त दबता कामा नये. छपराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोलादी कमानी असतात. आत उंची मिळावी म्हणून बरेच जण छप्पर कापून वर उचलतात आणि मध्ये नवा पत्रा जोडतात. तसं केलेलं असतं तर मी ही बस बघायलाही गेले नसते. या बसचं छप्पर मूळचंच आहे. आता तिला पांढरा-निळा रंग दिलाय, कारण शाळेचं काम सुटलं की पिवळा रंग बदलायचा आणि मुलं चढता-उतरताना इतर गाड्यांना थांबवणारा बाजूचा लाल हात काढायचा असा नियम बऱ्याच राज्यांत आहे.

इथून दक्षिणेला पुएब्लो नावाचं गाव आहे, तिथल्या एका शिक्षक जोडप्याची ही बस. त्यांनी स्वतःच्या हातांनी आत घर केलं आणि काही वर्षं राहिले. आता दुसरं मूल झालंय, जागा पुरत नाही. ओटा देवदाराच्या फळीचा आहे, त्याला लागून मोठी खिडकी. पलंगाच्या डोक्याशी एक कप्पा आहे, तिथे आपला बाळकृष्ण मावेल. भिंतींत चांगलं जाड उष्णतारोधक फोम मारलंय, इथल्या बर्फात ते लागतंच. आई, मला ते घर आवडलं, फार आवडलं. म्हणूनच मी स्वतःला बजावून ठेवलंय की ओट्याकडे बघून पैसे मोजायचे नाहीत.

आता बाबा, तुमच्यासाठी.

बस १९९३ ची, पुढे नाक असलेली, म्हणजे बॉनेट उचललं की इंजिन समोर. इंजिन इंटरनॅशनलचं, डीटी ४६६. सहा सिलिंडर एका रांगेत, ४६६ घनइंच म्हणजे सुमारे ७.६ लिटर, टर्बो. पंप संपूर्ण मेकॅनिकल, कॉम्प्युटर कुठेही नाही. गिअरबॉक्स ॲलिसनचा एमटी ६४३, चार गिअरचा ऑटोमॅटिक. त्यात लॉकअप आहे, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडले जातात, त्यामुळे घाटात चढताना ताकद तेलातच घुसळून वाया जात नाही. त्याच कंपनीचा एटी ५४५ बऱ्याच बसेसना असतो, त्यात लॉकअप नाही. मी मुद्दाम बघून घेतलं.

दुखणं असं आहे की इंजिन पाणी खातंय, म्हणजे ते थंड ठेवणारं पाणी (कूलंट) आतल्या आत कमी होतंय. बाहेर कुठे गळती नाही. होज कोरडे, वॉटर पंपाखाली डाग नाही, रेडिएटर कोरडा, तरी दर काही शे मैलांना पाणी भरावं लागतं. गेल्या उन्हाळ्यात ते डेन्व्हरच्या पश्चिमेला आयझेनहॉवर बोगद्याकडे घेऊन गेले होते. तो रस्ता ११,००० फुटांहून वर जातो. चढावर काटा लाल पट्टीकडे गेला, त्यांनी गाडी बाजूला घेतली, आणि तेव्हापासून लांब नेलेली नाही. हे त्यांनी मी विचारायच्या आधी सांगितलं, म्हणून मी पुढे बोलले.

मी गेले तेव्हा त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं की इंजिन चालू करू नका, मला थंडच बघायचंय. हे तुमच्याकडूनच आलेलं. तुम्ही डेपोतून घरी आलात की जेवताना आम्हाला सांगायचात ना, गरम करून ठेवलेल्या गाडीचं दुखणं कळत नाही म्हणून. थंड इंजिनाच्या चेंबरचा, म्हणजे खालच्या तेलाच्या भांड्याचा नट किंचित सैल केला. तेलाआधी पाण्यासारखे काही थेंब आले, मग तेल. डिपस्टिकवरचं तेल मात्र काळंच होतं, दुधाळ झालेलं नव्हतं. म्हणजे पाणी तेलात उतरतंय, पण थोडं. इंजिन पहिल्या सेल्फला लागलं. सुरुवातीला पांढरा धूर, दोन-तीन मिनिटांत साफ. तेल भरायचं झाकण उघडून हात धरला, बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनच्या बाजूने खाली निसटणारी हवा, अजिबात नाही. रेडिएटरमध्ये तेलाचा तवंग नाही, त्यामुळे ऑइल कूलर फुटला असेल असं वाटत नाही. झाकण काढून चालू इंजिनात पाहिलं तर बुडबुडेही दिसले नाहीत. आवाजाचं रेकॉर्डिंग वेगळं पाठवलंय, थंड असतानाचं आणि गरम झाल्यावरचं. दादाच्या हेडफोनवर ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर खालचा आवाज कळत नाही.

मला संशय लायनरचा, म्हणजे पिस्टन ज्या नळीत वर-खाली होतो तिचा आहे. या इंजिनात ओले लायनर आहेत, बाहेरून थेट पाणी खेळतं. पिस्टनच्या धक्क्याने लायनर थरथरतो, त्याच्या बाहेरच्या अंगाला पाण्यात बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि हळूहळू लायनरच्या धातूला टाचणीएवढी भोकं पाडतात. ते होऊ नये म्हणून या इंजिनांच्या कूलंटमध्ये एक वेगळं रसायन घालावं लागतं आणि पट्टी बुडवून त्याचं प्रमाण तपासत राहावं लागतं. या दोघांना ते ठाऊक नव्हतं. दुकानातलं साधं हिरवं कूलंट आणि नळाचं पाणी भरत राहिले. दुसरी शक्यता लायनरच्या खालच्या रबर रिंगा गेल्याची. तिसरी हेड गॅस्केट, म्हणजे वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्या मधली चकती. चौथी आणि सगळ्यात वाईट म्हणजे हेडला किंवा ब्लॉकला तडा.

पहिल्या तिन्ही शक्यतांत इंजिन गाडीतून न काढता काम होतं. वरून हेड काढायचं, खालून चेंबर, लायनर-पिस्टन किट बदलायचं, बेरिंग बदलायचे. इथे या इंजिनाची अशी कामं नेहमी होतात आणि किट सहज मिळतं. याआधी मी कमिन्स ५.९ इंजिनाची एक बस पाहिली होती. इंजिन नावाजलेलं, पण त्यात वेगळे लायनर नाहीत, सिलिंडर ब्लॉकमध्येच कोरलेले. ते झिजलं की उतरवून बोअरिंगलाच, म्हणजे सिलिंडर आतून कापून घ्यायलाच न्यायचं. ज्या बसमध्ये कुणी घर बांधलंय तिथे इंजिन जागेवर दुरुस्त होणं किती मोलाचं आहे हे तुम्हाला मी काय सांगणार.

तेलात पाणी उतरलेलं इंजिन चालवलं की मेन बेरिंग जातात, ही तुमची पहिली शंका असणार. म्हणून तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला होता. रिपोर्ट आलाय. सोडियम आणि पोटॅशियम बरंच वाढलेलं, म्हणजे कूलंट नक्की आहे. पण शिसं आणि तांबं फारसं नाही. बेरिंग अजून खाल्ले गेलेले नाहीत असा मी अर्थ लावते. तुम्हाला तसं वाटतं का?

पुढची पायरी मी ठरवली आहे. पुएब्लोतल्या एका जुन्या डिझेल मिस्त्रीकडून चेंबर उतरवून घ्यायचा, रेडिएटरला हाताच्या पंपाने दाब द्यायचा आणि खाली झोपून बघायचं, थेंब कुठून येतो. लायनरच्या बुडाशी आला तर रिंग, लायनरच्या आतल्या अंगाने उतरला तर भोक किंवा वरून गॅस्केट. ब्लॉकच्या भिंतीतूनच पाझरला तर मी नमस्कार करून परत येईन, कितीही सुंदर ओटा असला तरी. चेंबर उतरवायचे पैसे माझे जातील. ते जाऊ देत. ते जोडपं तयार आहे, आणि तोवर दुसऱ्या कुणाला दाखवणार नाही असा शब्द त्यांनी दिलाय.

किंमत ते १६,००० डॉलर म्हणतात. मिस्त्रीने लायनर-पिस्टन आणि बेरिंगच्या कामाचा अंदाज ९ ते ११ हजार सांगितलाय. मी इंजिन गेलेलंच आहे असं धरून ६,००० सांगणार आहे आणि सातच्या वर जाणार नाही. कामासाठीचे पैसे आधी बाजूला काढून ठेवलेत. त्यांना कमी वाटेल, वाईटही वाटेल, कारण आतल्या कामात त्यांचा जीव गुंतलाय. पण रस्त्यात बंद पडलेली बस ओढायला जी अवजड क्रेन लागते तिचं भाडं मलाच भरावं लागणार, त्यांना नाही.

बाकी गाडी चांगली आहे. कोलोरॅडोतच वाढली, ओहायो-मिशिगनकडच्या बसेससारखी मिठाच्या रस्त्यांवर कुजलेली नाही. हातोडीने चेसिस ठोकून पाहिली, आवाज खणखणीत. टायर मात्र सहाही बदलावे लागतील. नक्षी शाबूत आहे, पण बाजूला वर्षाचे आकडे असतात त्यावरून ते फारच जुने निघाले.

दोन अडचणी इंजिनाशी संबंधित नाहीत आणि त्या मला जास्त सतावतात. घरगाड्यांच्या कितीतरी तळांवर १० वर्षांहून जुनी गाडी घेत नाहीत, घरी बनवलेली बस तर नाहीच. म्हणजे करार घेण्याआधी प्रत्येक गावात जागा फोनवर नक्की करावी लागेल. आणि विमा. अशा बसला बऱ्याच कंपन्या नकार देतात. ही बस कागदोपत्री घरगाडी म्हणून नोंदलेली आहे, त्यामुळे एका कंपनीने होकार दिलाय, पण लेखी हातात येईपर्यंत मी एक डॉलरही देणार नाही. परवान्याचं विचाराल तर खासगी घरगाडीला व्यावसायिक परवाना इथे लागत नाही. एअर ब्रेकची सवय व्हावी म्हणून मी तरीही शिकवणी लावणार आहे.

आई, तू म्हणशील, एवढी यातायात कशाला. मी या देशात आल्यापासून एकाही भिंतीत खिळा ठोकलेला नाही. कुठेच माझी भिंत नव्हती. ही बस नाही जमली तर दुसरी बघेन, पण हे मी करणार आहे, आणि तुझा त्यावर राग राहू नये असं मनापासून वाटतं. तुझ्या हातची गोधडी मात्र दादाबरोबर पाठव, इथल्या रजया उबेच्या नाहीत.

बाबा, शनिवारी सकाळी चेंबर उतरवणार. तेव्हा तुमच्याकडे रात्रीचे नऊ-साडेनऊ असतील. मी खालून व्हिडिओ कॉल लावेन. थेंब तुम्ही स्वतः बघा आणि मिस्त्रीला जे विचारायचं ते विचारा, मी इंग्रजीत सांगते. लायनर ब्लॉकच्या वर किती उभा आहे हे हेड निघाल्यावर मोजतात ना, ते माप कुठपर्यंत चालतं आणि ब्लॉकमधली लायनरची बैठक झिजली असली तर ती जागेवर कापून घ्यावी का, याचा विचार करून ठेवा. तुमच्याबरोबर इंजिन सेक्शनला होते त्या काकांनाही जमलं तर घरी बोलवा. रेकॉर्डिंग ऐकून काय वाटलं ते मात्र शनिवारची वाट न बघता कळवा.

तुमची,
मीनल

ता. क. बीपीची गोळी बदलली म्हणाला होतात, तिचं नाव आणि डोस फोटो काढून पाठवा.