परत आलेल्या घड्याळाविषयी आई-बाबांना पत्र

पुणे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आपण संकेतस्थळावरून विकलेले एचएमटीचे ‘जनता’ घड्याळ खरेदीदाराने परत पाठवले, त्याचे बाबांनी पाठवलेले फोटो मी मोठे करून पाहिले, आणि आतले भाग बदलले असल्याचा त्यांचा संशय खरा आहे. झाकण व पट्टा आपलाच आहे. परंतु आतील मशीन आणि तबकडी आपल्या ‘जनता’ची नाही. कोणीतरी झाकण उघडून चांगले ते काढून घेतले, दुसरे काही बसवले आणि ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ असे कारण लावून घड्याळ नाशिकला परत धाडले. एचएमटीच्या घड्याळांच्या बाबतीत हे का घडते, ते बाबांना सांगायला नकोच. १९६१ मध्ये सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूला सुरू झालेला हा व्यवसाय २०१६ मध्ये सरकारने बंद करायचे ठरवले, आणि जुने नग संग्राहकांच्या हाती जाऊ लागले. बाजारात नव्याने रंगवलेल्या तबकड्या इतक्या आहेत की न रंगवलेल्या मूळ तबकडीसाठी माणसे खटपटी करतात.

खरेदीदाराने लावलेले कारणही विचारपूर्वक निवडलेले आहे. ‘आवडले नाही’ असे त्याने लिहिले असते, तर वापरलेली वस्तू परत घेणार नाही ही आपली अट पुढे करता आली असती. वर्णनात खोट आहे असे म्हटले की ती अट बहुतेक ठिकाणी गळून पडते आणि परतीचा खर्चही विक्रेत्याच्या माथी येतो. लग्नात मिरवून झालेली वस्तूसुद्धा लोक याच कारणाखाली परत करतात.

बाबांनी संकेतस्थळाला लिहिलेले उत्तर मी वाचले. मराठी सुरेख आहे, पण ते पाठवू नये असे मला वाटते. आपण आयुष्यभर कोणाचा पैसा बुडवला नाही, हे तिकडे बसलेल्या माणसाला ठाऊक नाही आणि ते तपासणे त्याचे कामही नाही. तो फक्त मुदत, फोटो आणि पावती पाहतो. म्हणून विकण्यापूर्वीचा आणि परत आल्यानंतरचा असे दोन फोटो शेजारी ठेवून, तबकडीवरील कोणते अक्षर कुठे वेगळे दिसते एवढेच चार ओळींत लिहावे. ते मी आज रात्री करते. उत्तराची मुदत टळली तर पैसे आपोआप खरेदीदाराकडे जातात, मग कितीही खरे बोललो तरी उपयोग नाही.

पुढच्या प्रत्येक घड्याळाचे झाकण मेन रोडच्या घड्याळजींकडून उघडून घेऊन मशीनचा स्वच्छ फोटो काढावा आणि झाकणावरचा क्रमांकही टिपून ठेवावा. घड्याळ चालू असल्याचे दाखवण्यापासून पाकिटावर पत्ता चिकटवेपर्यंतचे चित्रण मध्ये न थांबवता करावे. स्पीड पोस्टच्या पावतीवर वजन छापलेले असते. ती पावती आई देवघरातल्या डब्यात ठेवते तशीच ठेवावी, कारण परतीच्या पार्सलचे वजन जुळले नाही तर तो फार चांगला पुरावा ठरतो. परत आलेले पार्सल उघडतानाही आधी पत्त्याची चिठ्ठी आणि न फोडलेली चिकटपट्टी दाखवावी, मगच कात्री लावावी.

आईने फोनवर म्हटले की असे चित्रण करणे म्हणजे समोरच्याला चोर समजणे होय. मला तसे वाटत नाही. वाटेत काच फुटली असेल, तर प्रामाणिक खरेदीदारावर खोटा आळ येण्यापासून हेच चित्रण त्याला वाचवते.

मला खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. एखादा खरेदीदार थेट फोन करून गोड बोलेल, ‘काका, तुम्ही पैसे यूपीआयवर परत करा, मी घड्याळ पाठवतो,’ असे म्हणेल. बाबांचा स्वभाव पाहता ते लगेच तयार होतील. असे पैसे दिल्यावर तोच मनुष्य संकेतस्थळाकडूनही परतावा मागू शकतो. व्यवहार जिथे झाला तिथेच परतावा द्यावा. आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही. कोणी टाकायला सांगितला तर फोन ठेवून द्यावा, आणि पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० वर कळवावे.

बाबांनी पोलिसांचे विचारले होते. ज्याला आपण चारशे वीस म्हणत आलो, ते कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१८ झाले आहे, आणि तबकडी बदलून देणे ही फसवणूक त्यात बसू शकते. ग्राहक आयोगाचा मार्ग मात्र ग्राहकासाठी आहे. विक्रेत्याला खरेदीदाराविरुद्ध तिथे जाता येत नाही. संकेतस्थळाचा निर्णय विरुद्ध गेला तर मी सायबर पोलिसांच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवीन, पण हे पैसे परत मिळतील असे धरून चालू नये.

यावरून विक्रीच बंद करावी, हे बाबांचे म्हणणे मला पटत नाही. घरात पडून राहिलेल्या घड्याळांचे तेल वाळते, आणि घड्याळ दुरुस्त करून चालू झाल्यावर बाबांना जो आनंद होतो तो मी पाहिला आहे. स्वस्त नग पूर्वीप्रमाणे टपालाने जाऊ द्यावेत, महागडे मात्र समोरासमोरच विकावेत. सिडकोतील ज्या गृहस्थांनी सोनेरी घड्याळासाठी विचारले आहे, त्यांना घरी न बोलावता घड्याळजींच्या दुकानात बोलवावे, त्यांच्यासमोर झाकण उघडून दाखवावे आणि पैसे खात्यात जमा झाल्याचे बँकेच्या ॲपमध्ये पाहूनच घड्याळ हाती द्यावे. त्यांनी दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर विसंबू नये.

तुमची,
मनू