सुळे काळे होईपर्यंत थांब

अमरावती, मे महिना

चि. सोहम,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या रेड नी टॅरेंटुलाने, म्हणजे त्या लाल गुडघ्यांच्या मोठ्या कोळ्याने, कात टाकली, छान झालं. आता काही दिवस तुझं काम म्हणजे हात न लावणं, आणि नेमकं तेच तुला अवघड जाणार.

डब्यात जिवंत रातकिडा राहिला असेल तर आत्ताच काढ. नवी कातडी इतकी मऊ असते की रातकिडा कोळ्याला कुरतडून मारू शकतो. दिवस मोजत बसू नको, सुळे बघ. ते आधी पांढरे असतात, मग लालसर होतात आणि शेवटी चकचकीत काळे. काळे होण्याआधी खाऊ घातलंस आणि झटापटीत सुळा मोडला, तर पुढच्या कातीपर्यंत खाण्याचे हाल. अगदी लहान पिल्लू चार-पाच दिवसांत तयार होतं. तुझ्या चार इंची कोळ्याला १० दिवस तरी दे. पोट आकसलेलं दिसेल, म्हणून घाई नको. पहिला रातकिडा कोळ्याच्या पोटापेक्षा लहान असावा, तोही डोकं चिरडून दे. २४ तासांत खाल्ला नाही तर उचल. घरातलं झुरळ मात्र कधीच नको, ते कुठलं औषध खाऊन आलंय कोण जाणे.

खाणं थांबलं तरी पाणी थांबवायचं नाही. कोळी पाय लांब करतो तो अंगातल्या द्रवाच्या दाबावर. पाणी कमी पडलं की पाय अंगाखाली मुडपतात. तसं दिसलं तर वाटी तोंडाजवळ सरकव. नागपूरच्या मे महिन्यात उथळ वाटी रोज भर, डब्यातल्या कोकोपीटचा (नारळाच्या भुशाचा) एक कोपरा ओला ठेव, पण अंगावर फवारा मारू नको. डबा कपाटावर नको, आतल्या खोलीत फरशीवर ठेव, कूलरच्या झोताबाहेर. त्या खोलीत डासांचं मशीन लावू नको, आणि धूरफवारणीची गाडी आली की खिडक्या बंद. डास मारणारं औषध कोळ्यालाही मारतं.

पायातून पाण्यासारखा द्रव गळताना दिसला तर तिथे चिमूटभर कॉर्नफ्लोअर दाब. पाय जुन्या कातीत अडकला असेल तर ओढू नको, ओल्या मऊ ब्रशने कात भिजव. पाय तुटलाच तर पुढच्या कातींत पुन्हा येतो, आधी जरा बारीक.

कोळी बाजूला सरकला की कात चिमट्याने काढ. तिच्यावरही खाजरे केस असतात, तो हात डोळ्याला लावू नको. वाळली असेल तर कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब टाकून भिजव आणि पोटाचा भाग हळूच उलगड. आतून चार पांढरे ठिपके दिसतील, ती श्वसनाची पानं. पुढच्या दोघांच्या मध्ये छोटा पडदा असेल तर मादी. भिंग धरून फोटो काढ आणि पाठव.

तुझी,
आई