तपासणी शाळेची, उत्तर खात्याचंही

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

माझी बहुतेक नोकरी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत झाली. वार्षिक तपासणीची तारीख कळली की शाळेत काय होतं, हे आपल्या खात्यात सगळ्यांना ठाऊक आहे. राहिलेली पाठांची टाचणं लिहून काढली जातात, पोषण आहाराचा साठा नोंदवहीशी जुळवला जातो, भिंतींवर तक्ते चढतात आणि त्या आठवड्यात शिकवणं मागे पडतं. साहेब येतात, हजेरी, जनरल रजिस्टर, कॅशबुक पाहतात, एखाद्या वर्गाला पाढे विचारतात आणि शेरेबुकात लिहितात, ‘अप्रगत विद्यार्थ्यांकडे विशेष लक्ष द्यावे.’ पुढे शाळेकडून पूर्तता अहवाल जातो, ‘विशेष लक्ष देण्यात येत आहे.’ ज्या मुलाला वाचता येत नव्हतं त्याचं काय झालं, ते या दोन्ही कागदांवरून कळत नाही.

ही तक्रार नवी नाही. १८८२ साली इंग्रज सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी सांगितलं होतं की डेप्युटी इन्स्पेक्टरची वर्षातून एक भेट फारशी उपयोगाची नसते. निदान दर तीन महिन्यांनी तपासणी व्हावी आणि मधूनमधून न कळवताही भेटी द्याव्यात, अशी त्यांची मागणी होती. इतर कामांत गुंतलेल्या अधिकाऱ्यांची तपासणी वरवरची होते, हेही त्यांनी नोंदवलं होतं. आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्या आजच्या केंद्रप्रमुखांना आणि तालुक्याच्या विस्तार अधिकाऱ्यांना हे वाक्य जसंच्या तसं लागू पडतं. शिक्षकांना वर्गात मदत करायची ती माणसं ‘तात्काळ’ माहिती गोळा करण्यात आणि चौकशा उरकण्यात दिवस घालवतात. कित्येक केंद्रांत तर केंद्रप्रमुखाचं पदच रिकामं असतं आणि कारभार एखाद्या शिक्षकाकडे असतो, म्हणजे त्याचाही वर्ग अडतो.

माझी मुख्य मागणी एकच आहे. तपासणी अहवालाला दोन रकाने असावेत: शाळेने काय करायचं आणि खात्याने काय करायचं. दोन्हींपुढे मुदत आणि जबाबदार व्यक्तीचं पद लिहावं. चार वर्गांना दोन शिक्षक, त्यातलं एक पद रिकामं, आणि उरलेला शिक्षक मतदारयादीच्या कामावर. अशा शाळेला ‘वाचन सुधारावे’ असा शेरा देऊन काय साधतं? शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामं सोडून अन्य अशैक्षणिक कामं द्यायला मनाई करतं. शिक्षक वर्गाबाहेर किती दिवस होता आणि कुणाच्या आदेशाने, हे तपासणीतच नोंदवलं गेलं पाहिजे. आज ते विचारलंच जात नाही, म्हणून सगळा दोष शिक्षकाच्या आणि शेवटी मुलाच्या माथी येतो.

वर्गातली तपासणी तर अगदी साधी करता येईल. यू-डायसवर, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, भरलेली माहिती पुन्हा कागदावर मागू नये. वाचलेल्या वेळात अधिकाऱ्याने एका वर्गात पूर्ण तासिका मागे बसावं, स्वतः निवडलेल्या काही मुलांना जवळ घेऊन वाचायला सांगावं आणि नंतर शिक्षकाशी निवांत बोलावं. पुढच्या भेटीला शक्यतो त्याच अधिकाऱ्याने यावं आणि त्याच मुलांचं वाचन पुन्हा ऐकावं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, पण तपासणीच्या दिवशी त्यांची बहुधा फक्त सही लागते. त्यांच्याशी मुख्याध्यापकांच्या गैरहजेरीत बोलणं व्हायला हवं.

श्रेणीबद्दल थोडं. शाळांनी स्वतःला जोखण्याच्या ‘शाळासिद्धी’ या उपक्रमापासून स्वयंमूल्यमापन आणि श्रेणी यांवर आपण बरीच शक्ती खर्च केली. इंग्लंडच्या ऑफस्टेड या शाळा-तपासणी यंत्रणेने सप्टेंबर २०२४ पासून सरकारी शाळांना एका शब्दात एकूण शेरा देणं थांबवलं. एवढी मोठी यंत्रणा असूनही त्यांना ते सोडावं लागलं, याचा आपण विचार करावा. श्रेणीवरून पालकाला आपलं मूल कुठे अडतंय ते कळत नाही, आणि शिक्षकाला उद्या काय वेगळं करायचं तेही नाही.

येत्या जूनपासून एका जिल्ह्यात हे सुरू करा. तिथल्या केंद्रप्रमुखांची पदं आधी भरा, माहिती गोळा करण्याचं काम त्यांच्याकडून काढून घ्या, आणि वर्षअखेरीस दोन्ही रकान्यांसह सगळे अहवाल शाळेच्या फलकावर लावा. खात्याच्या रकान्यातलं किती पूर्ण झालं, हे त्या जिल्ह्यात येऊन आपण स्वतः पालकांना सांगावं, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक