खांब ठेवायचा की काढायचा

पुणे,
शनिवार, रात्र

प्रिय मन्या,

चार महिने पत्र नाही, फोन नाही, तुझ्या दोन मेसेजना नुसता अंगठा. चुकलं माझं. प्रकृती ठीक, पाठ आता दुखत नाही, आई मजेत. थेट मुद्द्यावर येतो, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर "अरे, खेळच आहे ना?" एवढंच ऐकायला मिळेल.

गेल्या रविवारी आपल्या गटाच्या कॉम्प्युटरवरच्या मोटार शर्यतीत पहिल्याच हेअरपिनला, म्हणजे जवळजवळ उलटं फिरणाऱ्या वळणाला, बंड्याने सुन्याला उडवलं. बंड्या म्हणतो, तो काचेशेजारच्या खांबाआड होता, दिसलाच नाही. सुन्या म्हणतो, मला बॉनेट व्ह्यूमधून, म्हणजे बॉनेटवरच्या कॅमेऱ्यातून, सगळं दिसतं, तूही तोच लाव. मग अण्णाने फर्मान काढलं: यापुढे सगळ्यांनी कॉकपिटमधूनच, म्हणजे चालकाच्या जागेवरूनच, चालवायचं, आणि गाडीत जे जे आहे ते सगळं पडद्यावर ठेवायचं. काहीही लपवायचं नाही. नियमाचा मसुदा मात्र माझ्या गळ्यात. ऐकायला नियम प्रामाणिक वाटतो, पण मला तो अन्यायाचा वाटतोय, आणि दोन दिवस याच विचारात आहे.

आधी बंड्याचं काय चुकलं ते ऐक. त्याच्याकडे २७ इंची मॉनिटर. काचेची रुंदी ६० सेंटीमीटर, डोळ्यापासून काचेचं अंतरही ६०. म्हणजे पडद्यावर जग खऱ्या मापाचं दिसायला दृश्याचा आडवा कोन हवा ५३ अंश. अर्धी रुंदी भागिले अंतर, त्याचा आर्कटॅन, गुणिले दोन, एवढंच गणित. बंड्याने ते बरोबर केलं आणि ५३ हा आकडा असेटो कोर्सा या गेमच्या एफओव्हीच्या, म्हणजे दृश्यकोनाच्या, रकान्यात टाकला. तो रकाना उभा कोन मागतो! त्याच पडद्याचा उभा कोन ३१ येतो. ५३ टाकल्यावर आडवा कोन झाला ८३. आयरेसिंग या दुसऱ्या गेममध्ये आडवाच लागतो, म्हणून तिथला आकडा इथे चालत नाही.

८३ ने काय होतं बघ. समोरची प्रत्येक वस्तू १.७८ पटीने लहान दिसते. ५० मीटरवरची गाडी जवळजवळ ९० मीटरवर असल्यासारखी वाटते. त्यात १९२० पिक्सेल ८३ अंशांत पसरले की सरासरी एका अंशाला २३ पडतात; ५३ मध्ये ३६ पडतात. चांगल्या नजरेला एका अंशात साधारण ६० ठिपके वेगळे ओळखता येतात. म्हणजे बंड्या लांबचा चष्मा घरी विसरल्यासारखा ब्रेकच्या पाट्या वाचत होता, आणि खालचा अर्धा पडदा डॅशबोर्डने खाल्ला होता. तेव्हा कोनाच्या बाबतीत मी अण्णाच्या बाजूने आहे. टेपने मोजायचं, तोच आकडा ठेवायचा, सवलत नाही. मोजताना पाठ सीटला टेकलेली, हात स्टिअरिंगवर, आणि टेप डोळ्याच्या कोपऱ्यापासून काचेपर्यंत. मॉनिटरच्या स्टँडपर्यंत मोजलं की सगळं फसतं. रुंदी मोजताना कडेची चौकट सोडायची.

गेममधल्या सीटची जागा ही मात्र वेगळी गोष्ट, आणि दोन्हींची गल्लत सगळेच करतात. एफओव्ही बदललं की सगळं जग लहानमोठं होतं. सीट पुढे घेतली तर फक्त केबिन बदलते. ५० मीटरवरच्या गाडीला दहा सेंटीमीटरने काय फरक पडणार? म्हणून रस्ता कमी दिसत असेल तर सीट सरकवा, उंची वाढवा, कोनाला हात लावू नका. तुझ्या ए-३२० विमानात समोरच्या काचांच्या मधल्या दांड्यावर ते गोळे असतात ना, लाल गोळ्याआड पांढरा लपेपर्यंत वैमानिक सीट हलवतो, तसंच हे. डोळा खाली राहिला तर उतरताना धावपट्टीचा जवळचा भाग पॅनेलच्या कडेखाली जातो. तिथे कुणी म्हणत नाही की सीट वर घेणं ही लबाडी आहे.

आता खांब. इथे तुझी माफी मागायची आहे, पण आधी एक प्रयोग कर. पार्किंगमध्ये गाडीत बस. काचेशेजारचा पुढचा खांब आणि त्यापलीकडे उभी असलेली एखादी स्कूटर धर. मान खांबाकडे वळव, डावा डोळा मीट. स्कूटर गायब. आता तो उघड आणि उजवा मीट. स्कूटर आली, खांबच बाजूला सरकला. दोन्ही डोळे उघडे ठेवून स्कूटरकडे बघ: खांब विरघळल्यासारखा होतो, त्याच्या दोन धूसर पट्ट्या दिसतात आणि मधून स्कूटर बरीचशी दिसते.

हे मी कागदावर काढलं. खांब ८ सेंटीमीटर रुंद, डोळ्यापासून ७० सेंटीमीटरवर, दोन डोळ्यांत ६.४ सेंटीमीटर. २० मीटरवर एका डोळ्याला तो २.३ मीटर रुंदीचा पट्टा झाकतो. अख्खी स्कूटर, स्वारासकट. दोन्ही डोळे मिळून बघितलं तर झाकला जाणारा भाग अर्धा मीटर, जेमतेम! आणि खांब ६.४ पेक्षा बारीक असेल तर लांबचं काहीच पूर्ण झाकलं जात नाही. आबांच्या जुन्या फियाटचे खांब आठव. आताच्या गाड्यांचे जाड झाले ते गाडी उलटली तर छत तगावं म्हणून.

पडद्यावरचं चित्र एकाच कॅमेऱ्याने काढलेलं असतं. म्हणजे गेम आपल्याला एक डोळा मिटून गाडी चालवायला लावतो. तिथे खांब मापानुसार रेखाटणं म्हणजे वस्तू खरी आणि दिसणं खोटं. हेच मला अण्णाला सांगायचंय. गाडीतल्या प्रत्येक वस्तूशी इमान राखायचं, की गाडीत बसलेल्या माणसाला जे दिसतं त्याच्याशी? २०१८ पासून फॉर्म्युला वनला हेलो, म्हणजे चालकाच्या डोक्याभोवतीची संरक्षक कमान, आला. त्याचा मधला खांब बरोबर नाकासमोर, पण डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा अरुंद, म्हणून चालकाची नजर लांब लागली की तो अडत नाही. त्या वर्षीच्या फॉर्म्युला वन गेमने मधला खांब लपवायची सोय दिली. मी तेव्हा तिला "पोरखेळ" म्हणालो होतो. तो शब्द परत घेतो.

आणि विमानांच्या गेममधल्या फॉकवुल्फ १९० या जर्मन लढाऊ विमानाच्या काचेखालची पट्टी. मन्या, त्या पट्टीवरून आपण तीन आठवडे बोललो नव्हतो. तू म्हणत होतास की समोरच्या जाड चिलखती काचेत प्रकाश वाकतो, त्यामुळे खालची चौकट खऱ्या वैमानिकाला गेममध्ये आहे तेवढी जाड दिसत नसणार. मी जर्मन आराखड्याचं माप तुझ्या तोंडावर फेकलं होतं. आराखडा बरोबर होता, पण काच मी हिशेबात धरलीच नव्हती. हरलेली मिसळ माझ्याकडे बाकी आहे, तर्रीसकट.

तर आता नियम असा करावा का? कोन टेपने मोजलेलाच. खांब अर्धपारदर्शक करायची किंवा लपवायची सोय असेल तर मोकळीक. गेममधलं स्टिअरिंग लपवायला मुभा, कारण खरं हातात आहे आणि पडद्यावर त्यामागे दुसरं फिरताना उगाच दिसतं. काचेवरचे पावसाचे थेंब कमी ठेवायला मुभा: खऱ्या काचेवर नजर रस्त्यावर असली की थेंब धूसर होतात, पडद्यावर थेंब आणि रस्ता एकाच अंतरावर, दोन्ही सारखेच ठसठशीत.

बाजूला गाडी आली की पडद्यावर बाण दाखवणारा रडारही हवा. माणसाला आडवं सुमारे १९० अंश दिसतं, कडेचं अंधुक का होईना. बंड्याला योग्य कोन लावून दिला तर मिळणार ५३. खांब तर पडद्याच्या कडेलाच जाईल, पण दाराला लागून असलेली गाडी पडद्याबाहेरच जाईल! ती भरपाई बाणाने किंवा क्रूचीफ या बोलून सांगणाऱ्या प्रोग्रॅमच्या आवाजाने झाली तर त्यात काय वावगं? काही खऱ्या शर्यतींतही बाजूच्या गाड्या सांगणारा स्पॉटर कानात बोलतोच की.

खरी अडचण अण्णाची आहे, आणि तीच त्याला तोंडावर सांगवत नाही. त्याच्याकडे २७ इंची तीन पडदे. बाजूचे दोन ५३ अंशांत वळवलेले, सगळे मिळून १५९ अंश. "सगळं दाखवा" हा नियम त्याला काहीच महाग पडत नाही: मान जरा हलवली की दार, आरसा, शेजारची गाडी, सगळं समोर. सुन्या एका जुन्या पडद्यावर, टेबलाला क्लॅम्प लावून चालवतो. त्याचा बॉनेट व्ह्यू काढून घेतला तर त्याला बोगद्यातून चालवल्यासारखं होईल. त्याने वेबकॅम आणि ओपनट्रॅक, म्हणजे मान वळली की चित्र वळवणारा प्रोग्रॅम, लावावं असं मी सुचवणार आहे. मान २५ अंश वळली की चित्र ७० अंश वळेल असा वक्र ठेवायचा, आणि मध्ये दोन-तीन अंश मोकळे, नाहीतर सरळ रस्त्यावर चित्र थरथरतं. पण त्याच्या खोलीतला दिवा पाठीमागे आहे. चेहरा काळा पडला की ट्रॅकिंग तुटतं आणि ऐन वळणात नजर छताला लागते. दिवा समोर घ्यायला हवा.

"सगळं दाखवा" हा नियम खरं तर फक्त डोळ्यांवर चढवायच्या व्हीआर हेडसेटवाल्याला लागू पडतो, कारण तिथे प्रत्येक डोळ्याला वेगळं चित्र मिळतं आणि खांब पार्किंगमधल्यासारखाच विरघळतो. आपल्यात हेडसेट एकट्या तुझ्याकडे.

अजून एक प्रश्न सुटत नाही. ज्याने त्याने कोन मोजला की नाही, हे ओळखायचं कसं? स्क्रीनशॉट मागवता येईल, पण टेप कुठे धरली ते त्यात दिसत नाही. मला वाटतं विश्वास ठेवावा. तुला?

नाशिकचं घर लागलं का? वैनींच्या बदलीचं काय झालं, चिंगीचा दात पडला म्हणे. सगळं सविस्तर कळव, मी खरंच वाचणार आहे. काकांना नमस्कार.

मसुदा उद्या रात्री नऊच्या आत अण्णाला द्यायचा आहे. त्याआधी एवढं कर: तुझ्या गाडीचा खांब आतून पट्टीने मोज, डोळ्यापासूनचं अंतरही घे, आणि दोन्ही आकडे पाठव. माझे ८ आणि ७० एकाच गाडीचे आहेत. दुसऱ्या गाडीचे हाताशी असले तर अण्णासमोर बोलायला बळ येईल.

तुझा,
विन्या