चाचणी एकदाच व्हावी

महोदय,

प्राण्यांवरील चाचण्यांचे निकष सर्व देशांत सारखे असावेत आणि त्यासाठी कायदा व्हावा, या प्रस्तावावरची चर्चा बहुतेक वेळा 'बंदी हवी की नको' यावरच येऊन अडते. औषधे आणि रसायने यांच्या नोंदणीच्या फायली तयार करण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे मला दुसरेच खटकते. एका देशात झालेली चाचणी दुसरा देश पुन्हा करायला लावतो आणि तेवढ्यासाठी प्राण्यांची नवी तुकडी मारली जाते. कायद्याने पहिला घाव या पुनरावृत्तीवर घालावा.

पदार्थाने डोळ्याला इजा होते का, हे बघणारी सशाच्या डोळ्यावरची चाचणी उदाहरण म्हणून पाहा. अमेरिकेच्या एफडीएतील (अन्न व औषध प्रशासनातील) जॉन ड्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1944 मध्ये तिची रीत बांधून दिली. सशाची खालची पापणी ओढून तिथे झालेल्या खोबणीत 0.1 मिलिलिटर पदार्थ सोडायचा, पापणी क्षणभर मिटून धरायची, दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवायचा. मग 1, 24, 48 आणि 72 तासांनी डोळा किती लाल झाला, कॉर्निया (बुबुळावरचा पारदर्शक पडदा) किती गढूळला, याला गुण द्यायचे. गुण देणार माणूस, तेही नजरेने. एकाच पदार्थाला वेगवेगळ्या प्रयोगशाळांत वेगवेगळे गुण पडले आहेत. शिवाय सशाला तिसरी पापणी असते आणि त्याच्या डोळ्यांत पाणीही आपल्यापेक्षा कमी येते. आज प्रयोगशाळेत मानवी पेशींपासून वाढवलेल्या ऊतींवर किंवा कत्तलखान्यातून आणलेल्या गुरांच्या कॉर्नियावर हेच काम करता येते, आणि या पद्धती ओईसीडी या आर्थिक सहकार्यासाठीच्या देशांच्या संघटनेच्या मान्य यादीत आहेत. तरी मागाहून कुणी विचारलेच तर, या धास्तीने सशांचा अहवालही जोडावा असे कंपन्यांना वाटते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. फाईल परत आली की वर्ष वाया जाते.

पुनरावृत्ती टाळायची सोय नव्याने शोधायला नको. ठरलेल्या पद्धतीने आणि जीएलपीच्या (प्रयोगशाळेतील कामाच्या नियमावलीच्या) शिस्तीत झालेली सुरक्षाचाचणी सदस्य देशांनी एकमेकांची मानायची, असा निर्णय ओईसीडीने 1981 मध्येच घेतला. सदस्य नसलेले काही देशही या व्यवस्थेत आले. भारत 2011 मध्ये आला. पण ग्यानबाची मेख अशी, की जीएलपीचा भर नोंदींवर आहे. कोणी, केव्हा, काय मोजले, कच्ची नोंद जपली का, तराजू तपासलेला होता का, हे सगळे ती काटेकोर बघते. प्राण्याला वेदनाशामक दिले का, तो तडफडत असताना प्रयोग थांबवला का, हे मात्र मुख्यतः त्या त्या देशाच्या कायद्यावर सोडलेले आहे. म्हणजे कडक कायद्याच्या देशातली कंपनी सैल कायद्याच्या देशात काम उरकून घेते आणि अहवाल दोन्हीकडे सारखाच चालतो. ही पळवाट बुजवायची तर अहवाल स्वीकारतानाच प्राण्यांच्या निगेचा किमान दर्जा तपासला पाहिजे.

आणि किमान म्हणजे किमानच. समान निकषांच्या नावाखाली पुढे गेलेल्या देशांना मागे ओढले जाऊ नये. युरोपीय संघाने 2013 मध्ये, तर भारताने 2014 मध्ये प्राण्यांवर तपासलेल्या सौंदर्यप्रसाधनांना दारे बंद केली. त्याच काळात चीन आयात प्रसाधनांसाठी प्राणीचाचणी मागत होता. साध्या प्रसाधनांपुरती ही अट 2021 मध्ये, तीही अटींवर, सैल झाली. युरोपातही सगळे आलबेल नाही. केवळ प्रसाधनांत वापरल्या जाणाऱ्या घटकांसाठीही, कामगारांच्या सुरक्षेच्या कारणाने, रसायन कायद्याखाली प्राणीचाचणी मागता येते, असा निकाल तिथल्या न्यायालयाने 2023 मध्ये दिला.

औषधांचे प्रकरण अवघड आहे, हे मी नाकारत नाही. 1937 मध्ये अमेरिकेत न तपासलेल्या सल्फानिलामाइडच्या पातळ औषधाने शंभरावर माणसे गेली आणि पुढच्याच वर्षी तिथे चाचण्यांचा कायदा आला. मात्र 2006 मध्ये लंडनमध्ये एका नव्या औषधाच्या, प्राण्यांत निर्धोक ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या भागाने सहा स्वयंसेवक अतिदक्षता विभागात पोहोचले, हेही विसरता येत नाही. अमेरिकेने 2022 च्या अखेरीस औषधांसाठी प्राणीचाचणीची सक्ती काढली, बंदी घातली नाही. मला हा रस्ता पटतो.

प्रस्तावात दोन कलमे असावीत. झालेली चाचणी पुन्हा मागणाऱ्या नियामकाने शास्त्रीय कारण लेखी द्यावे आणि ते जाहीर करावे. दुसरे, पर्याय मान्य होईल त्याच निर्णयात जुनी चाचणी बाद होण्याची तारीख लिहिलेली असावी. निम्मे प्राणी मरेपर्यंतचा डोस शोधणारी एलडी-50 ही 1927 सालची कल्पना. कमी प्राणी लागणारा पहिला पर्याय ओईसीडीने 1992 मध्ये मान्य केला, पण जुनी पद्धत यादीतून निघायला 2002 साल उजाडले. मधली दहा वर्षे दोन्ही चालू होत्या.

– एक वाचक